कार्बन फोमचा तुकडा घेऊन हावड्याला

कोलकात्याला मी फिरायला गेले नव्हते, हे आधीच सांगते. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेनं दोन वर्षं खपून कार्बनचा फोम बनवलाय. काळा, साबणाच्या वडीएवढा तुकडा. हातात घेतला तरी हात रिकामाच वाटतो. पाणी त्यात शिरत नाही, तेल मात्र तो गटागटा पितो. हावड्याच्या एका कारखानदाराला टाकीतल्या पाण्यावरचं तेल काढायचं होतं. तो हो म्हणाला तर प्रकल्प चालणार, नाहीतर महिनाअखेरीस गुंडाळणार. धड नमुना एकच होता. तो स्टीलच्या डब्यात घालून मी विमानात बसले.

मुक्काम न्यू टाउनला मामीकडे. मामा बँकेत, बदलीवर आलेला. विमानतळाहून टॅक्सी लगेच मिळते. सकाळी आंघोळ करून बाहेर येते तो काय, माझ्या डब्यात चकल्या!

"रिकामा डबा परत कसा पाठवायचा गं?" मामी म्हणाली.

"आणि आत होतं ते?"

"ते पॅकिंग होय? त्यानं ओटा पुसला. सांडलेलं तेल काय ओढून घेतलं गं बाई त्यानं!"

मी ओट्याकडे धावले. तुकडा उचलून वाटीत पिळला. अर्धी वाटी तेल निघालं! उरलेलं गॅसवर धरून जाळलं. तेल जळालं, फोम तसाच राहिला. पुसताना एक कोपरा मात्र झडला होता.

हावड्याला बाबूघाटाहून फेरीबोटीनं जा, तिकीट किरकोळ आहे, सुटे पैसे ठेवा. नदीवर वारा छान होता म्हणतात. माझं लक्ष त्या कोपऱ्यावर होतं.

कारखान्याचे मालक घोषबाबू. त्यांच्या टाकीतलं पाणी बादलीत घेतलं. फोमनं तेल ओढलं, पिळला, पुन्हा ओढलं. घोषबाबू खूश! मग त्यांनी तुकडा उलटा केला.

"ये कोना कैसे टूटा?"

थाप मारता आली असती. मी ओट्याची सगळी हकिकत सांगितली. ते पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले.

"मॅडम, हमारा मिस्त्री आपकी मामी से ज्यादा जोर लगाएगा."

चहा आणि संदेश ही बंगाली मिठाई देऊन त्यांनी नकार दिला. संदेश उत्तम होता.

पुण्यात परतल्यावर मामीचा फोन आला. "माझ्यामुळे गेलं ना गं तुझं काम?"

"नाही मामी," मी म्हणाले, आणि ते अगदी मनापासून होतं. राग होता तो आमच्या स्वतःवरच. दोन वर्षं आम्ही सगळे तो तुकडा चिमट्यानं उचलत होतो. त्यानं काहीतरी पुसून पाहावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.