कोनशिलेखालची जमीन

नकाशा पास झाला म्हणजे काम झालं, असं कॉलेजात असताना मला वाटायचं. नोकरीला लागल्यावर कळलं की पहिला नकाशा म्हणजे नुसतं मागणं घालणं. सगळं लग्न पुढेच असतं. लोकांना आवडलेल्या त्या रंगीत चित्रातून पन्नास-साठ कागद काढायचे. कुठला खांब कुठे, त्याचा पाया किती खोल, सळई किती जाड आणि कुठे वाकवायची, हे गवंड्याला विचारायला यावं लागणार नाही इतकं स्पष्ट लिहायचं. मग प्रत्येक कागदावर ‘बांधकामासाठी’ असा शिक्का मारायचा. तो शिक्का बसला की साइटवर खोदाई सुरू.

हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या आमच्या लहानशा ऑफिसात तो शिक्का माझ्या टेबलाच्या खणात असायचा. ऑफिस सरांचं; त्यांनी तो दुसऱ्या वर्षीच माझ्याकडे दिला. मी देगलूरकडच्या खेड्यातली. वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या विहिरी खोदल्या, आणि आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं तेव्हा सर म्हणाले होते, “हिसाब आता ना? बस, बोलना बाद में आता.” त्या एका वाक्यावर मी विद्यानगरात खोली घेतली आणि धाकट्या भावाला शिकवलं. सरांचे उपकार मी विसरलेली नाही. म्हणूनच पुढचं लिहायला मला इतके दिवस लागले.

चर्चचं काम आलं ते त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. मंडळी गरीब होती. बरीच वर्षं ती एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना करत होती. शेजारच्या मोकळ्या जागेत नवी इमारत उभी राहणार होती, आणि पुढच्या कोपऱ्यात साठ फुटी घंटेचा मनोरा. त्याच कोपऱ्यात त्यांच्या म्हाताऱ्या बिशपांनी कोनशिला बसवली होती. चौथरा बांधून त्यावर काळा दगड, दगडावर तेलुगू अक्षरं. त्यानंतर महिन्याभरात बिशप वारले. तेव्हापासून लोक येता-जाता त्या दगडाला हात लावून हात कपाळाला लावायचे. कोणीतरी रोज फुलं ठेवायचं.

पावसाळा सरत आला तेव्हा नकाशे जवळजवळ तयार होते. येत्या रविवारी खोदाईचा समारंभ ठरला होता. पत्रिका छापून झाल्या होत्या. गुरुवारी सर म्हणाले, “शिक्के मारके रख अम्मा, शनिवार कू अय्यगारू लेके जाते.” अय्यगारू म्हणजे चर्चचे पास्टर, सगळे त्यांना तसंच म्हणायचे.

शिक्के मारण्याआधी मातीच्या तपासणीचा अहवाल मी शेवटचा एकदा चाळत होते. पाच ठिकाणी बोअर घेतले होते आणि पाचही ठिकाणी पाच-सहा फुटांवर कातळ लागला होता. प्रत्येक बोअरला मशीनचा एक फोटो होता. तिसरा बोअर मनोऱ्याखालचा. त्या फोटोत मशीन उभं होतं, आणि त्याच्या मागे, चांगल्या अंतरावर, कोनशिला दिसत होती. झेंडूच्या माळेसकट.

मी तो फोटो नकाशाशेजारी ठेवला. नकाशावर तिसऱ्या बोअरची खूण बरोबर कोनशिलेवर होती. मग कोनशिला मशीनच्या मागे कशी?

बोअर घेणाऱ्या टोळीच्या सुपरवायझरला फोन लावला. तो मनमोकळा माणूस. काही लपवलं नाही.

“मॅडम, वहाँ पूजा होएली थी ना. पत्थर था, फूलां थे. उसपे मशीन कैसा चढाना? थोडा सरकाके मारे.”

“थोडा म्हणजे किती?”

“बीस-पच्चीस फूट होंगा. पर आप टेन्शन नक्को लो. हैदराबाद में नीचे सब पत्थरच है.”

म्हणजे ठरलेल्या पाचांत एकच ठिकाण असं होतं की जिथे कोणी जमिनीत बघितलंच नव्हतं, आणि सगळ्यात जड बांधकाम तिथेच येणार होतं. अहवालात मात्र तिथे कातळ लिहिला होता, आणि त्या आकड्यावर मनोऱ्याचा पाया मी स्वतः काढला होता.

शुक्रवारी ऑफिसला जाण्याआधी साइटवर गेले. आदल्या दिवशी दणकून पाऊस झाला होता. सगळ्या मैदानात लाल पाणी साचलेलं. फक्त कोनशिलेभोवती पाणी नव्हतं; जमीन ओली होती, पण जणू कोणी पुसून घेतली होती. वॉचमन शेडच्या दारात चहा पीत होता. त्याला विचारलं, इथलं पाणी कुणी काढलं का?

“कोई नै निकाला मॅडम. इधर पानी रुकताच नै. बिशप साब की दुआ है, बोलते सब.” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, “मेरेकू तो अच्छा नै लगता. पानी जाता तो जाता किधर?”

तिथूनच वडिलांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. पलीकडून शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं.

“माय, चौथऱ्याच्या कडंला भेग हाय का बघ. गोल गेलेली.”

होती. बोटाएवढी, गवताखाली. सरळ नव्हती, चौथऱ्याला वळसा घालून गेली होती.

“हीर असल,” ते म्हणाले. “बुजिवलेली. बुजिवलेल्या हिरीचं तोंड मिटतं, पोट मिटत न्हाई. तू तिथून बाजूला हो आधी.”

मी बाजूला झाले.

ऑफिसात सरांपुढे फोटो ठेवला, सुपरवायझरचं बोलणं सांगितलं, भेगेचं सांगितलं. सर कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही.

“एंटम्मा,” काय हे बाई, अशा सुरात ते म्हणाले, “बाप बावड्यां खोदे तो तेरेकू हर जगा बावडीच दिखती क्या?”

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. माझं चुकलं असतं, तर मेलेल्या बिशपांची कोनशिला हलवायला लावणारी बाई म्हणून सरांची अब्रू गेली असती आणि माझी नोकरीही. माझं बरोबर असूनही मी गप्प बसले असते, तर एखाद्या पावसाळी रविवारी तो साठ फुटी मनोरा प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर कलला असता. खणातून शिक्का काढून मी सरांच्या टेबलावर ठेवला.

“सर, तुम्ही मारा. तुम्ही मारला तर मी काही बोलणार नाही. माझ्याकडून नाही होत.”

सरांनी शिक्का तसाच ठेवला. मग गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

अय्यगारूंना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले, “तो दगड मी हलवला तर माझे लोक म्हणतील, बिशपांच्या हाताला यश नव्हतं.” तेलुगूतलं हे बोलणं सरांनी मला सांगितलं. मी एवढंच म्हटलं, “दगड खोटा नाही, अय्यगारू. आम्हीच त्याच्याखाली बघितलं नाही.” सरांनी ते तेलुगूत सांगितलं. दोघं शेडमध्ये जाऊन बसले. मी बाहेर उभी होते. कंपाउंडवरून मंडळीतल्या चार बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक दुसरीच्या कानात काही बोलली आणि तिने पदर सावरला.

शनिवारी सकाळी प्रार्थना करून चार माणसांनी कोनशिला उचलली आणि पांढऱ्या चादरीवर ठेवली. जेसीबी आला. अय्यगारू म्हणाले होते, दहा फूट. दहा फुटांत काही निघालं नाही तर दगड परत जागेवर.

पहिले पाच फूट चांगला मुरूम निघाला. सर माझ्याकडे बघेनात. सहाव्या फुटापासून विटांचे तुकडे, डांबराची ढेकळं, टायर, प्लास्टिक. मग बकेट कशाला तरी घासली. ड्रायव्हरने खाली वाकून बघितलं आणि मशीन बंद केलं. घडवलेल्या दगडांची एक ओळ होती, वाकत गेलेली. विहिरीचा काठ. कडेचं एक ढेकूळ सुटून आत घसरलं. ते पडल्याचा आवाज आला, पण लगेच आला नाही. आला तेव्हा तो पाण्याचा होता.

अय्यगारूंनी सगळ्यांना हाताने मागे सारलं. पत्र्याच्या शेडची भिंत तिथून जेमतेम पंधरा पावलांवर होती. त्या रविवारची प्रार्थना त्यांनी रस्त्यापलीकडच्या एका घराच्या गच्चीवर घेतली.

परत येताना गाडीत सर माझी पाठ थोपटतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“वो बोअरवाले अपने कितने काम किए?”

सात. ऑफिसात बसून आम्ही सातही अहवालांतले फोटो काढले. आपल्याकडे कुठल्याही जागेवर आधी पूजा होते. ईशान्येचा कोपरा असतो, तिथे नारळ, हळद-कुंकू, कलश. त्यावर मशीन चढवायला कुणाचं मन धजावणार? तीन फोटोंत मशीनच्या मागे, चांगल्या अंतरावर, हळद लावलेल्या विटा दिसत होत्या. तिन्ही नकाशांवर शिक्का माझा होता. तेव्हा मी साइटवर गेलेच नव्हते. अहवाल टेबलावर आला, मी वाचला आणि मारला.

त्यातल्या दोन इमारतींचं काम अजून जोत्यापर्यंतच आलं होतं. सरांनी ते फोनवरून थांबवलं. तिसरी चिक्कडपल्लीत, पाच मजली. लोक राहायला येऊन वर्ष होत आलं होतं.

सोमवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. तळमजल्यावरच्या ईशान्येच्या खोलीत एक मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. सरांनी भिंतीवरून नजर फिरवली. मग खिडकीशेजारचं देवाचं कॅलेंडर, परवानगी विचारून, खिळ्यावरून उतरवलं. मागे पुट्टी भरून बुजवलेला तडा होता, आणि पुट्टीतून तो पुन्हा उघडला होता. सरांचं नख त्यात सहज गेलं.

“ये कब से?”

“बारिश से. बार-बार भरे, फिर आता,” मावशी म्हणाल्या. “कॅलेंडर लगाए तो नै दिखता.”

सर माझ्याकडे वळले. “ऊपर जा. कौन कौन है घर में, सबकू नीचे बुला,” ते म्हणाले. मी जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या घरात कुकरची शिट्टी होत होती.