मंगळाच्या गवताची नोकरी

माझी आई, दामेतकेन, वेधशाळेत शेगड्या पेटवायच्या कामावर लागली, तेव्हा युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. वेधशाळा आल्मा-आता शहराच्या वर, डोंगराच्या अंगाला. आईचा पहिला नवरा स्मोलेन्स्कजवळ जर्मनांशी लढताना पडला होता. घरात उरली ती त्याची म्हातारी आई, ओरिन्शा, आणि तिची ही विधवा सून.

वेधशाळेत एक लहानसा विभाग होता. मंगळावर झाडं आहेत का, हे शोधणं हे त्याचं काम. दुर्बिणीतून मंगळावर निळसर डाग दिसायचे, ऋतूप्रमाणे गडद व्हायचे, फिके पडायचे. ती झाडी असेल, तर कडाक्याच्या थंडीत जगणारीच असणार. मग आपल्याकडची थंडीतली झाडं ऊन कसं परतवतात, ते आधी मोजून ठेवू, म्हणजे तिकडची ओळखता येतील, असा सगळा विचार. विभागाच्या प्रमुख निना अर्काद्येव्हना यांना कळलं, की आई उन्हाळी कुरणांवर वाढलेली आहे, वरच्या वाटा तिच्या पायाखालच्या आहेत. त्यांनी तिला शेगडीपासून उठवून घोड्यावर बसवलं.

ओरिन्शा आजीला हे ऐकून हसू आवरेना. "मंगळावर गवत आहे का, हे बघायचा पगार? अगं, मग मेंढ्या कधी न्यायच्या तेवढं विचारून ये!"

वर डोंगरात यंत्र लावून झाडाने परतवलेला उजेड फोटोच्या काचेवर टिपायचं काम एवाल्डचं. हा रशियातल्या व्होल्गा नदीकाठी पिढ्यान्पिढ्या राहिलेला जर्मन. युद्ध सुरू झालं आणि सरकारने शत्रूचे म्हणून त्याची सगळी माणसं मालगाड्यांत भरून आमच्या देशात आणून टाकली. त्याला शहराबाहेर पाऊल टाकायचं तर पहाऱ्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागे. वेळेत परतला नाही, तर फरारी. आणि फरारी म्हणजे सक्तमजुरी.

"मंगळाकडे बघायला कुणाला विचारावं लागत नाही," तो आईला म्हणाला होता, "पण समोरच्या डोंगरात जायचं तर हात जोडा."

"मग मंगळावरच जा की," आई म्हणाली. "घोडा मात्र मी देणार नाही."

मार्चमध्ये दोघं बर्फातल्या आर्चाची मापं घ्यायला वर गेले. आर्चा म्हणजे आमच्या डोंगरातलं जमिनीलगत पसरणारं, सुईसारख्या पानांचं झाड. थंडीत ते निळं दिसतं. मापं मनासारखी मिळाली आणि परतायच्या दिवशी सकाळीच हिमवादळ सुटलं. त्यात एवाल्ड घसरला, घोटा सुजून टम्म झाला. घोडा एकच, आणि संध्याकाळी त्याला शहरात हजर व्हायचं होतं.

"यंत्र घोड्यावर घाल," तो म्हणाला. "असलं दुसरं मिळायचं नाही. मी मागून येतो."

"कशावर? कोपरांवर?"

आईने यंत्र मेंढपाळांच्या दगडी गोठ्यात ठेवलं, वर पेंढा टाकला. काचा आपल्या अंगरख्यात, छातीशी बांधल्या, त्याला घोड्यावर चढवलं आणि लगाम धरून सगळा उतार पायी उतरली. दिवस मावळायच्या आत तो अधिकाऱ्यापुढे उभा होता. यंत्र उन्हाळ्याच्या तोंडावर सापडलं, चांगलं चालू. काच तर एकही फुटली नव्हती.

हजेरी झाल्यावर आईने त्याला घरी आणलं. ओरिन्शा आजीने घोट्याला मेंढीची चरबी चोळली. चोळता चोळता विचारलं, "कुठला रे तू, पोरा?"

"व्होल्गाकाठचा."

"रशियन?"

"जर्मन."

आजीचा हात थांबला. मग तिने घोटा पुरता चोळून घेतला, हात धुतले आणि त्याच्यापुढे चहाचा पेला ठेवला, काठोकाठ भरून. आमच्यात पाहुण्याला चहा घोट-दोन घोट ओततात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो. भरलेला पेला म्हणजे पी आणि चालू लाग. एवाल्डला हे ठाऊक होतं. तो उभ्याने प्यायला आणि लंगडत गेला.

पुढे काही वर्षांनी पहारा उठला. तेव्हा तो आजीकडे आला, आपणहून, टोपी हातात घेऊन. आईला मागणी घालायला.

"माझ्या मुलाला कुणी मारलं?" आजीने विचारलं.

"जर्मनांनी."

"तू कुठे होतास तेव्हा?"

"खाणीत, आई. पहाऱ्यात कोळसा खणत होतो."

आई चुलीपाशी उभी होती. मग आजीने पेला घेतला, तळाशी दोन घोट चहा ओतला आणि पुढे सरकवला. "बस. मंगळाची मापं पुष्कळ झाली, आता छप्पर गळतंय त्याचं माप घे."

मी त्यांची मुलगी. ओरिन्शा आजी रक्ताने माझी कुणीच नाही, हे मला शाळेत जायला लागेपर्यंत माहीत नव्हतं. मी तिच्याच कुशीत झोपायचे.

विभाग पुढे बंद झाला. पापा शाळेत पदार्थविज्ञान शिकवू लागले. मी लहान असतानाच अमेरिकेच्या यानाने मंगळाचे फोटो पाठवले. नुसते खड्डे आणि धोंडे. शेजारचा बुलात कुंपणावरून ओरडला, "एवाल्ड, गवत वाळलं का रे?" पापा हसले, पण नंतर कितीतरी दिवस त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी आई कडाडली, "तू तिथे झाडं लावणार होतास का? नाही ना? आहेत का ते बघणार होतास. बघितलं, नाहीत. मग सुतक कसलं पाळतोस?"

पापा वारल्यावर त्यांच्या जर्मनीत जाऊन राहिलेल्या नातेवाइकांनी आईला तिकडे बोलावलं. ती गेली नाही. तिची शेवटची वर्षं मला सगळ्यात जास्त आठवतात. दुपारी अंगणात सफरचंदाखाली आम्ही दोघी बसायचो. एकदा मी तिला वर्तमानपत्रातली बातमी सांगितली, की दुसऱ्या ताऱ्यांभोवतीही ग्रह सापडू लागलेत. तिथली माणसं-जनावरं काही दिसायची नाहीत. पण रान मोठं असेल, तर पानांनी परतवलेला उजेड कदाचित कधीतरी ओळखता येईल.

"आमचंच काम," आई म्हणाली. मग जरा विचार करून, "म्हणजे तिकडून कुणी बघितलं, तर त्यांना आपलं रान दिसेल, आपण नाही?"

"नाही."

"बरंय," ती म्हणाली आणि पाय पसरून बसली. "नाहीतर रोज घर आवरून बसावं लागलं असतं."