अण्णा हसले तर बॅच फेल

आमच्या फार्मसीतल्या बायका आता ठाण्यापासून बदलापूरपर्यंत पांगल्यात, पण दोघी जरी भेटलो तरी चहा गार झालाच म्हणून समजा. एक किस्सा काढावा, तर त्याला धरून दुसरा येतोच.

डोंबिवली एमआयडीसीत, केमिकलच्या कारखान्यांमध्ये आमची छोटी आयुर्वेदिक फार्मसी. मालक वैद्य अण्णा. आमच्या पोटाच्या चूर्णात भांग असायची. हो, भांगच! सरकारी परवान्याची. ऐंशीच्या दशकात नवा कायदा आला, गांजा-चरस पार बंद झालं, भांगेचं पान तेवढं परवान्यावर राहिलं. माझ्या सासूबाई मात्र शेजारी सांगायच्या, सून बिस्किटांच्या कंपनीत आहे.

*

भांग धुवायची सुलभा. पानं फडक्यात बांधून पाण्यात चोळायची, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत. मग वाळवून तुपावर परतायची. असं केलं की औषध राहतं, नशा जाते, असं अण्णा सांगायचे.

एकदा नवा मॅनेजर म्हणाला, एवढं पाणी कशाला, दोनदा धुतलं तर नाही का भागणार? सुलभा म्हणाली, "भागेल की. पहिला चमचा तुम्ही खाणार का?"

त्यानंतर तो धुण्याच्या खोलीकडे फिरकला नाही.

*

कारण आमच्याकडे रीतच होती. प्रत्येक बॅचचा पहिला चमचा अण्णा सगळ्यांसमोर खायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. आम्ही पॅकिंग करता करता त्यांच्यावर डोळा ठेवायचो. अण्णा हसले तर बॅच फेल! ते कधीच हसले नाहीत. तसे ते एरवीही हसत नसत. माझ्या लग्नातसुद्धा पंचनाम्याला आल्यासारखे बसले होते.

एकदा परवाना तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी नेमका तेव्हाच विनोद सुरू केला. अण्णांनी हात जोडले. "साहेब, जरा उशिराने सांगा. आत्ता हसलो तर माल फेकावा लागेल."

*

नव्वदच्या दशकात एक बडी कंपनी आमच्या चूर्णामागे लागली. तिचे साहेब गाडीतून आले, फार्मसी विकत मागितली. अण्णा नाही म्हणाले. मग कंपनीने वरूनच सूत्रं हलवली. म्हणे, छोट्यांकडून भांग नशेसाठी बाहेर जाते, तेव्हा परवाना फक्त मोठ्या प्लांटना द्या! तसं झालं असतं तर आम्ही सगळ्या घरी. सुलभाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच पगारावर.

*

ठाण्याला सरकारी अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. अण्णांबरोबर सुलभा आणि मी गेलेलो. कंपनीच्या साहेबांनी आपल्या चूर्णाची चकचकीत बाटली टेबलावर ठेवली. आमच्या मशीनवर भांग दहा मिनिटांत धुऊन निघते, म्हणाले. सुलभाने माझा हात दाबला.

अण्णा एवढंच म्हणाले, "आमच्याकडे बनवणारा पहिला चमचा खातो."

साहेबांनी ऐटीत दोन खाल्ले.

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब जनतेच्या सुरक्षिततेवर बोलायला उभे राहिले. दुसऱ्याच वाक्याला खुदकन हसले. सॉरी म्हणाले, पुन्हा हसले. मग पंख्याकडे बोट दाखवून जे सुटले, ते खुर्ची धरून खाली बसले. अधिकाऱ्यांनी ती बाटली उचलली, वास घेतला, आणि छोट्यांचे परवाने आहेत तसेच राहतील असं सांगून टाकलं.

आमची मान अशी ताठ झालेली, की काय सांगू!

बाहेर आलो तर अण्णा उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी थांबलेले. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. आमचे अण्णा हसत होते!

सुलभाचा चेहराच उतरला. धावत गेली आणि म्हणाली, "अण्णा, सकाळी कुठली बॅच खाल्लीत?"