धाकट्याचं माप

शिंपीदादा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दात स्वतःचे, चष्मा लागतो तो फक्त सुईत दोरा ओवताना. धाकटा भाऊ मात्र एक्केचाळिसाव्या वर्षी, भरल्या ताटावरून उठावं तसा गेला. म्हणजे दादा त्याच्या दुपटीहून जास्त जगले, आणि हे ते गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतात. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि विचारतं, "धाकट्यासारखा कोट जमेल का?"

गेल्या महिन्यात बँडमास्तर कापड घेऊन आला. त्याच्या वडिलांचा कोट धाकट्यानं शिवला होता, तसाच त्याला हवा होता.

"तो जाऊन जमाना झाला," दादा म्हणाले. "मी आहे ना जिवंत!"

"तुम्ही आहातच हो, दादा. तुम्ही काय, कायमचेच."

दादांनी टोमणा गिळला. हा कोट दादांच्या हातचा, असं एकदा तरी कुणी म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी आपल्या पद्धतीनं माप घेतलं: सरळ उभे राहा, श्वास रोखा, हलू नका.

धाकटा कुणाला गप्प उभं राहूच देत नसे. ड्रायव्हरला हवेत स्टिअरिंग फिरवायला लावी, शिक्षिकेला भिंतीवर लिहायला, आणि मग टेप लावी. दुकानात हशा पिकायचा. "माप घेतोयस की सर्कस चालवतोयस?" दादा खेकसायचे. तो गेल्यावर दुकान शांत झालं आणि आपल्याला हायसं वाटलं, हे दादा आजही लपवत नाहीत.

कच्च्या शिलाईचा कोट बँडमास्तरच्या अंगावर चढला. आरशात बघावं तर एक सुरकुती नाही. मग त्यानं सवयीनं दोन्ही हात उचलले, तसा अख्खा कोट कानांपर्यंत वर आला.

"दादा, हा नुसतं उभं राहण्यापुरता आहे. मला बँड वाजवून घ्यायचाय." तो बटणं काढू लागला. "राहू द्या, दुसरीकडे बघतो."

दादांचा चेहरा पडला. त्यांनी त्याला थांबवलं, काखेतली शिवण उसवली, गळ्यातली टेप ओढली आणि दातओठ खात म्हणाले, "वाजवा! हं, जोरात! ड्रमवाला मागे पडतोय, दटावा त्याला! हात खाली आणायचे नाहीत!"

बँडमास्तर खो खो हसत सुटला. दादांची बायको आतल्या घरातून ओल्या हातांनीच धावत आली. तिनं दुकानभर नजर फिरवली.

"कोण आलंय?"

"कुणी नाही. मीच आहे."

"हो का," ती म्हणाली, आणि आत गेली.

दादा तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी कोटाच्या काखेत शिवणीआड दुमडलेलं कापड दोन बोटं सैल सोडलं.