केळीचा डाग

इस्त्रीहून आलेला पांढरा कोट अंगात चढवताना आज जळगावच्या कॉलेजातलं वनस्पतिशास्त्राचं ते प्रॅक्टिकल आठवलं. सरांनी केळफूल आणलं होतं.

"रावेरची ना तू? घरी केळीच्या बागा. मग आज तूच शिकव आम्हाला," म्हणत त्यांनी सुरी माझ्या हातात दिली.

मी कापायला गेले आणि चीक थेट सरांच्या नव्या शर्टावर उडाला.

"सर, हा डाग निघत नाही हो!" मला रडूच फुटलं.

"मग राहू दे. आत काय दिसतंय ते सांग."

वर्षभर प्रॅक्टिकलला ते तोच शर्ट घालून आले.

आता मीही शिकवते, पडद्यावर केळफुलाचे फोटो दाखवून. माझ्या कोटावर एकही डाग नाही.