उन्हाळ्यातली एक बादली

तापलेल्या लोखंडी पाइपात पाणी ओतलं की गंजाचा ओला वास येतो, आणि मला तेलीबांध्याच्या आमच्या घरातली ती घूं-घूं आठवते. बाबा रेल्वेत वायरिंगचं काम करून नुकतेच रिटायर झाले होते आणि हौसेनं होम थिएटर घेतलं होतं. आई नागपूरला मावशीकडे गेली, आणि आठवड्याभरात त्याचा सबवूफरचा डबा, गाणं बंद असतानाही, घुमायला लागला. मेकॅनिक आला, कान लावून म्हणाला, "अंकल, अर्थिंग कमजोर है." झालं! "जिंदगीभर रेल्वेची अर्थिंग केली मी, अन् माझ्याच घरची कमजोर?" असं म्हणत बाबांनी त्याला चहाही न देता वाटेला लावलं. मग तीन दिवस ते घामाघूम होऊन एकेक वायर तपासत बसले. चौथ्या दिवशी आई परतली. पिशवी ठेवली आणि बादली घेऊन सरळ अंगणात, अर्थिंगचा पाइप पुरलेल्या खड्ड्याकडे गेली. "काहून जी, खड्डा कोरडा ठेवला? तुम्हीच त सांगितलं होतं, माती सुकली का अर्थिंग कमजोर होते, उन्हाळाभर रोज एक बादली टाकत जा म्हणून!" पाणी मुरत गेलं तशी घूं-घूं विरत गेली. बाबांनी आत जाऊन डब्याला कान लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "उन्हाळ्यात कुठी जात नको जाऊ तू." आता घरात घुमण्यासारखं काही उरलं नाही, बाबाही नाहीत. तरी मे लागला की आई पलंगावरून रोज विचारते, "पाणी टाकलं का?" आणि मी बादली उचलतो.