वाट चालू हाय

"मॅडम, वाट चालू आहे असं तुम्हीच लिहिलं होतं ना?" फोनवरचा आवाज तुटत होता. "आम्ही मध्येच अडकलोय. बायको घसरून खाली पडलीय. तिला उठता येत नाही."

शनिवारची दुपार. बारा वाजून गेले होते. मंचरच्या ऑफिसात मी एका कुटुंबाला लेण्याद्री-ओझरच्या गाडीचा दर सांगत होते. फोनवर नाव विचारलं तर काळे, ठाण्याहून. मला लगेच आठवेना. ते म्हणाले, "फोरमवर विचारलं होतं. आहुप्याहून कोकणात उतरायची वाट." मग आठवलं.

मी गेली अठरा वर्षं ट्रॅव्हल्सचा धंदा करते. माहेर निरगुडसर, सासर कळंब. ऑफिस एसटी स्टँडजवळ. पूर्वी गिऱ्हाईक पायरी चढून यायचं, चहा घ्यायचं, घासाघीस करायचं. आता ते आधी इंटरनेटवर येतं. तिथं प्रवासाचे फोरम असतात. कुणीही प्रश्न टाकतो, कुणीही उत्तर देतो. आमच्यासारखे एजंट तिथं नेमाने उत्तरं देतात, ती काही समाजसेवा नव्हे. जो प्रश्न विचारतो तो आमच्या भाषेत 'लीड' असतो, म्हणजे उद्याचं संभाव्य गिऱ्हाईक. भरपूर उत्तरं दिली की नावापुढे 'स्थानिक जाणकार' असा बिल्ला लागतो. तो बिल्ला मला मिळाला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते.

काळे माझ्याकडून काहीच घेणार नव्हते. गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा. ड्रायव्हर त्यांना आहुप्याला सोडून, वळसा घालून खाली कोकणात जाणार आणि तिथं वाट बघणार. त्यांना फक्त माहिती हवी होती. फुकट ते पौष्टिक, असं मी तेव्हा मनात म्हटल्याचंही आठवतं. पण प्रश्न त्यांनी फार नीट विचारला होता. दोघंही साठीच्या पुढचे. डोंगरात फिरायची सवय आहे, पण पत्नीचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. पावसाळा नुकताच संपलाय, तर वाट सध्या चालू आहे का?

मी 'कन्फर्म' करायचं ठरवलं. या शब्दाचा आमच्या धंद्यातला अर्थ सांगायला हवा. जागेवर जाऊन बघून येणं ही 'रेकी'. तिला वेळ लागतो, डिझेल लागतं. 'कन्फर्म' करणं म्हणजे तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन लावणं. आहुपे हे कोकणकड्याच्या काठावरचं गाव, तिथं माझे ओळखीचे बुधाजीभाऊ. पन्नाशीचा माणूस, भातशेती करतो, आलेल्या पाहुण्यांना घरी जेवू घालतो. मी पाठवलेल्या लोकांना देवराईत नेतो, चपला बाहेर काढायला लावतो आणि वाळकी काडीसुद्धा उचलू देत नाही. शब्दाला पक्का माणूस.

तो फोन एक-दीड मिनिटाचा असेल.

"भाऊ, खाली कोकणात जायची वाट चालू हाय का?"

"हाय की, ताई. कालच आमची मंडळी जाऊन आली."

"बरं, ठेवते मग."

आणि मी लिहिलं: 'नुकतंच स्थानिकांकडून कन्फर्म केलं आहे. वाट चालू आहे. चालण्याची सवय असणाऱ्यांना अडचण येणार नाही. शुभेच्छा!' खाली ऑफिसचं नाव आणि मोबाइल नंबर, ठळक अक्षरात. काळ्यांनी 'मनापासून आभार' असं उत्तर दिलं. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्याच नंबरवर आता त्यांचा फोन आला होता. बायकोला तिथंच ठेवून, रेंज मिळेल तिथपर्यंत ते परत वर चढून आले होते. या तालुक्यात त्यांना दुसरं कुणीच माहीत नव्हतं.

मी बुधाजीभाऊंना फोन लावला. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "कुठल्या टप्प्याला?" मी काळ्यांनी सांगितलेलं सांगितलं, मोठ्या कातळाच्या पुढं, जिथं वाट तुटलीय तिथं. "कळलं," म्हणाले आणि फोन ठेवला. मग ॲम्ब्युलन्सला फोन केला, गाडी आहुप्यापर्यंत लागेल म्हणून सांगितलं. समोरचं कुटुंब दर ऐकायला अजून बसलंच होतं. त्यांची माफी मागितली, शटर अर्धं ओढलं आणि निघाले.

मंचरहून आहुपे म्हणजे घोडेगाव, मग डिंभ्याचं धरण, मग पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत दोन-अडीच तास. एरवी पाहुण्यांना हा रस्ता दाखवताना माझं तोंड बंद नसतं. त्या दिवशी मी गाडीत एकटीच मोठ्यानं बोलत होते. मी काय लिहिलं होतं ते परत परत म्हणून बघत होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. वाट चालू हाय असं बुधाजीभाऊ म्हणाले होते, मी ते शुद्ध करून लिहिलं होतं. दर वेळी शेवटी येऊन मी 'अडचण येणार नाही' या तीन शब्दांपाशी अडत होते. ते बुधाजीभाऊ म्हणाले नव्हते. ते माझे होते.

मी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. कड्याजवळ चार-पाच बायका उभ्या होत्या. ॲम्ब्युलन्स माझ्यामागं थोड्या वेळानं आली. खालून कुणी दिसत नव्हतं. एका बाईनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचं कोन हाय का?" मी नाही म्हटलं. मग वाटलं, असं कसं नाही.

साडेचारच्या सुमाराला ती माणसं वर आली. सात जण. लांब बांबूला घोंगडी बांधून झोळी केलेली, त्यात काळेबाई. आजारी माणसाला आणि अडलेल्या बाळंतिणीला इथं असंच आणायची जुनी रीत आहे. पुढं दोघं, मागं दोघं, बाकीचे बाजूनं हात देत, आळीपाळीनं खांदा बदलत. पायात रबरी चपला, दोघं तर अनवाणी. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या विव्हळत नव्हत्या. ओठ घट्ट मिटून, एका हातानं घोंगडीची कड धरून होत्या. काळे मागून येत होते, दोन्ही कोपरं सोललेली. त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं. मी पुढं होऊन नाव सांगितलं. ते "हो, हो," म्हणाले आणि ॲम्ब्युलन्सकडे गेले.

दोघांना घेऊन गाडी गेल्यावर मी बुधाजीभाऊंपाशी गेले. ते दगडावर बसून खांदा चोळत होते. खरं सांगायचं तर मला भांडायचं होतं. दोष कुणावर तरी ढकलल्याशिवाय मला तिथून हलता आलं नसतं.

"भाऊ, तुमी म्हणाला होतात वाट चालू हाय."

"चालूच हाय," ते शांतपणे म्हणाले. "आमी जातो. आमच्या बाया डोक्यावर वझं घेऊन येत्यात. पावसात मधला टप्पा खचलाय, मुरूम सुटलाय. तिथं वरच्या अंगाला झाडाची मुळी हाय, तिला धरायचं आन् वलांडायचं."

"मग हे मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं, वाट चालू हाय का. मला वाटलं, तुमी सामान आणाया कुनी गडी धाडताय. साठीचं मानूस हाय, गुडघं दुखत्यात, हे सांगितलं का तुमी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आसं म्हनला असता तर मी सांगितलं असतं, नका धाडू. मी म्हनलो ते आमच्या पायांचं, ताई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आमच्या भागात 'वाट चालू हाय' म्हणजे त्या वाटेनं गावाची ये-जा आहे, तिच्यावर गवत माजलेलं नाही. ठाण्याच्या माणसानं ते वाचलं की त्याचा अर्थ होतो, जायला हरकत नाही. मी याच तालुक्यात जन्मले. हे दोन्ही अर्थ मला माहीत होते. ते जाणणारी बुधाजीभाऊ आणि काळे यांच्या मध्ये मीच एकटी होते, आणि माझं तेवढंच काम होतं.

रविवारी सकाळी घरी आमच्या यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. ऑफिसचा निम्मा कारभार तेच बघतात. म्हणाले, "त्यांनी आपल्याकडं बुकिंग केलंय का? नाही. पावती आहे? नाही. मग तू ते उत्तर काढून टाक. उगाच कुणी बोट दाखवायला नको."

मी ते काढून टाकलं. यात त्यांचा दोष नाही, बटण मीच दाबलं. नुसतं काढलं नाही, नंतर दोनदा जाऊन ते खरंच गेलंय का तेही बघितलं.

बुधवारी पुण्याला दवाखान्यात गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. काळे बाहेर बाकावर बसले होते. मी सोबत सीताफळं नेली होती. ती कुठं ठेवावी हे मला कळेना. त्यांनीच पिशवी घेतली.

"तुमचं उत्तर आता दिसत नाही तिथं," ते म्हणाले.

"मी काढलं."

"हं." त्यांनी पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाले, "मला प्रत्येक गोष्ट छापून सॅकमध्ये ठेवायची सवय आहे. कागद आहे माझ्याकडे. घाबरू नका, मी तक्रार वगैरे करणार नाही. तुमच्या त्या बुधाजींनी माझी बायको वर आणली. फक्त तुम्ही ते काढायला नको होतं."

शरम वाटणं म्हणजे काय, ते मला त्या बाकावर कळलं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि मला आत नेलं.

काळेबाई जाग्या होत्या. मी कोण ते त्यांना सांगितल्यावर त्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं. बसले. मग त्यांनी विचारलं.

"तुम्ही शेवटचं कधी उतरला होतात त्या वाटेनं?"

"कधीच नाही," मी म्हटलं.

"एकदाही नाही?"

"नाही. कड्यापर्यंत शंभर वेळा गेलेय. खाली नाही."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं डोंगरात फिरले. डॉक्टर म्हणतात, आता काठी घेऊन घरात चालता येईल. डोंगराचं विसरा." मी थोडा वेळ बसून उठले.

डिसेंबरात मी आहुप्याला गेले. बुधाजीभाऊंना म्हटलं, मला ती वाट दाखवा. आम्ही सकाळी लवकर निघालो. अर्ध्या तासाचं म्हणून ते सांगत होते, तेवढ्याला मला दीड तास लागला. मग तो खचलेला टप्पा आला. बुधाजीभाऊंनी मुळीला हात घातला, एक पाय टाकला आणि पलीकडं जाऊन उभे राहिले, आपल्या अंगणात उभं राहावं तसे.

"या, ताई."

मी खाली बघितलं. काळेबाई जिथं पडल्या होत्या तिथलं गवत अजून दबलेलं होतं की मला तसं वाटलं, माहीत नाही. मी मटकन खाली बसले.

"न्हाई जमायचं, भाऊ."

"मंग तसंच लिवा," ते म्हणाले आणि परत अलीकडं आले.

तसंच लिहिलं. फोरमवर काळ्यांचा प्रश्न अजून होता, त्याखाली नवं उत्तर टाकलं. पहिल्या वाक्यातच लिहिलं, की याच प्रश्नाला मी आधी न बघता उत्तर दिलं होतं, त्या उत्तरावर भरवसा ठेवून गेलेल्या बाईंचं हाड मोडलं, आणि ते उत्तर मी नंतर काढून टाकलं. पुढं लिहिलं, की मी मधल्या टप्प्यापर्यंत गेले आणि भीती वाटून परत आले. गावकरी रोज जातात. त्यापुढची वाट मला माहीत नाही.

नारायणगावच्या एका ओळखीच्या एजंटाचा फोन आला. "अहो ताई, असं कोण लिहितं का? लई नुकसान करून घ्याल राव." त्याचं खरं होतं. पुढचे दोन महिने फोरमवरून एकही गिऱ्हाईक आलं नाही. बिल्ला अजून आहे. तो उत्तरं मोजून देतात, चाललेली वाट मोजून नाही.

लोक मला विचारतात, फोरमवर एजंट सांगतात त्यावर विश्वास ठेवावा का. मी म्हणते, आधी त्याला विचारा, तुम्ही स्वतः तिथं कधी गेला होतात. गेला असेल तर तो महिना सांगेल. नसेल गेला तर 'कन्फर्म केलंय' म्हणेल. उंटावरून शेळ्या हाकायची आम्हाला सवय असते, आणि बहुतेक वेळा शेळ्या घरी पोचतात, म्हणून ती सवय सुटत नाही.

माझ्या नव्या उत्तराखाली एकच प्रतिसाद आहे. काळेबाईंचा. त्यात लिहिलंय, 'हे वाचलं असतं तर आम्ही कड्यावर बसून डबा खाल्ला असता आणि परत फिरलो असतो.'